'काही करत नाही हो तो!' : कुत्रं मोकळ्या जागी नेणाऱ्यांसाठी माहितीपट, मदत हवी

खणीवरचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मिळून एक माहितीपट करतोय. 12 ते 15 मिनिटांचा, मराठीत. पाळलेलं कुत्रं सगळ्यांच्या जागेत नेताना मालकानं कसं वागायचं, एवढाच विषय. सगळ्यांची जागा म्हणजे आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याचा पदपथ, विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव, पन्हाळा, मसाई पठार. भटक्या कुत्र्यांचा विषय नाही, हे आधीच सांगतो (तरी तो येणार, माहीत आहे). शाळा, कॉलेजं, ट्रेकचे ग्रुप यांना फुकट दाखवायचा. कॅमेरा एक, माइक एक, कुत्री दोन, बजेट आमच्या खिशात.

घोडं अडलंय ते असं, की पटकथेचे तीन खर्डे झाले आणि तिन्ही नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखे वाटतात. पट्टा लावा, घाण उचला, लस टोचा. खरं आहे सगळं, पण बघणार कोण? तुम्हाला काय बघायला आवडेल, काय नको, आणि अनुभव असले तर तेही लिहा.

तांबडा_रस्सा
'भटक्या कुत्र्यांचा विषय नाही.' बरं बरं. चौथ्या प्रतिसादात येतोय बघा. शेंगदाणे घेऊन बसलो.

वेशीवरची_वहिनी
मी रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्याला फिरायला जातो. संध्यामठाच्या बाजूनं एक लॅब्राडोर येतो, मोकळा. मालक वीस पावलं मागं, फोन कानाला. लांबूनच ओरडतात, "काही करत नाही हो तो!" मला आता कुत्र्याची भीती वाटत नाही, त्या वाक्याची वाटते.

गेल्या थंडीत सासूबाई सोबत होत्या. वय 71. तो आला उड्या मारत, त्या कठड्याला टेकायला गेल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं. कुत्रं खरंच काही करायला आलं नव्हतं, खेळायलाच आलं होतं. पडल्यावर त्यांचं तोंड चाटत होतं बिचारं. मालक चांगले माणूस, दवाखान्यात आले, बिल देतो म्हणाले. पण रिक्षात बसताना परत तेच, "काही करत नाही हो तो, लहान आहे अजून." माहितीपटात हे वाक्य घ्याच.

कसबा_बावडा_एक्सप्रेस
हे सगळं ठीक, पण आमच्या गल्लीत रात्री बारानंतर गाडी घेऊन येऊन दाखवा. मोकाट कुत्र्यांचं काय? श्रीमंतांच्या लॅब्राडोरवर सिनेमे काढून काय होणार?

तांबडा_रस्सा
मला धरलं तर तिसरा, मूळ धागाही धरला तर चौथा. आला का नाही?

काळाकोट
@एक्सप्रेस, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोकाट कुत्र्यांसाठी केंद्राचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत : नसबंदी, लस, आणि खायला घालायच्या जागा ठरवून देणं. त्यावर सुप्रीम कोर्टात 2025 मध्ये किती घुसळण झाली ते पेपरात वाचलंच असेल. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मात्र सरळ मालकावर. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 (जुनं भादंवि 289) : आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंड 1000 होता. यात कुत्र्याचा हेतू कुठंच विचारात नाही. वहिनींचा तो 'काही करत नाही'वाला बचाव कोर्टात चालायचा नाही.

पाचगावकर
वहिनी 'जातो' म्हणतात, मला वाटलं दादा आहेत.

वेशीवरची_वहिनी
@पाचगावकर, कुठले म्हणायचे तुम्ही? पुण्यास्नं आलाय काय नवीन? कोल्हापुरात वहिनीबी 'जातो'च म्हणतात.

गोठ्यातला_डॉक्टर
पशुवैद्यक आहे, जरा लांबण लागेल.

रेबीजचं सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं, पण नसतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर, पुढं दर वर्षी. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये 99 टक्के वेळा मूळ कुत्रंच असतं. चावा सोडा, दाताचा ओरखडा असला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट यातलं काही लावायचं नाही. कुत्रं घरचं, लस टोचलेलं, तरी जायचं.

पण मला खरं बोलायचंय ते विष्ठेबद्दल. "माती होते हो तिची, खतच की" असं सांगणारे रोज भेटतात. कळंब्याच्या काठाला, पठारावर म्हशी चरतात त्याच गवतात कुत्री बसवली जातात. निओस्पोरा नावाचा एकपेशीय परजीवी असतो. कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, गवतातून जनावराच्या पोटात, आणि मग पाच-सहा महिन्यांची गाभण गाय-म्हैस गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. गवळ्याला वाटतं नजर लागली. कुत्र्याला काही झालेलं नसतं, ते ठणठणीत. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल. त्याला 'स्वच्छता राखा' म्हणू नका, म्हशीचं सांगा.

दुसरं, मटणाच्या दुकानातलं कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालणं. मेंढीच्या त्या अवयवांत पाण्याच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि तिथनं परत मेंढीत नाहीतर माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ. घालायचंच तर शिजवून घाला. जंताचं औषध वेळेवर द्या.

तिसरं जंगलाचं. 2018 साली गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले, त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांत हा रोग जुनाच. कोळसून (रानकुत्रा), कोल्हा, खोकड ही सगळी कुत्र्याची भावकी, त्यामुळं त्यांनाही तो होतो. दाजीपूरच्या अभयारण्याकडं सहलीला कुत्रं नेणाऱ्यांनी हे ऐकावं. न्यायचंच नाही, हे उत्तम.

तांबडा_रस्सा
डॉक्टर, 15 मिनिटांच्या माहितीपटात 15 मिनिटं नुसते हात धुताना दाखवायचे म्हणजे पुरस्कार नक्की.

बाकी निओस्पोराचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या चुलत्यांच्या दोन म्हशी लागोपाठ गाभडल्या होत्या, त्यांनी गोठ्याची दिशा बदलली.

गोठ्यातला_डॉक्टर
गाभडण्याची कारणं दहा असतात, चुलत्यांना रक्त तपासायला सांगा. दिशा परत होती तशी करा, उगाच खर्च.

क्लॅपबॉय
चित्रनगरीत आणि बाहेर पंधरा वर्षं कामं केली, म्हणून चार गोष्टी.

कॅमेरा गुडघ्याच्या खाली ठेवा. माणसाच्या उंचीवरनं कुत्रं नेहमी गोंडस दिसतं. चार वर्षांच्या पोराच्या उंचीवरनं तोच लॅब्राडोर वाघासारखा येतो अंगावर. एवढा एक शॉट तुमच्या खर्ड्यांतली दोन पानं वाचवेल.

चावल्याचं, भांडणाचं नाटक करू नका. चित्रीकरणात जनावराकडून काम करून घ्यायला 2001 चे नियम आहेत, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडं जावं लागतं. तुमचं कुत्रं तुमच्यासोबत चालतंय हे टिपणं वेगळं आणि प्रसंग 'घडवून' घेणं वेगळं. आधी विचारून घ्या. ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असला तरी वन खात्याला न विचारता पठारावर उडवू नका.

आता किस्सा. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर एक केसाळ कव्हर घालतात. धंद्यात त्याला 'डेड कॅट' म्हणतात. कळंब्याला एका जाहिरातीचं शूटिंग, साउंडवाल्या पोरानं ते बूमवर (माइकच्या लांब काठीवर) चढवलं आणि कुत्र्याच्या डोक्यावर धरलं. कुत्रं बहुतेक इंग्रजी माध्यमातलं. उडी मारली, मेलेली मांजर धरली आणि पाण्यात. मागनं माइक, माइकमागनं पोरगं. मालकीणबाई काठावरनं, "काही करत नाही हो तो!"

म्हणून सांगतो, कुत्र्याला आधी दोन दिवस सामानाचा वास घेऊ द्या, मग कॅमेरा चालू करा.

पाचगावकर
"कुत्रं बहुतेक इंग्रजी माध्यमातलं" _/\_ फुटलो.

बोल्डरची_बाय
माहेर राजारामपुरी, सध्या मुक्काम कोलोरॅडो. आमच्या बोल्डर शहराच्या डोंगरवाटांवर कुत्रं पट्ट्याशिवाय न्यायचं असेल तर टॅग काढावा लागतो. त्यासाठी मालकानं आधी वर्ग करायचा आणि रेबीजच्या लशीचा दाखला द्यायचा. शाळा मालकाची, कुत्र्याची नाही. अट दोनच शब्दांची : आवाजात आणि नजरेत. तुम्हाला कुत्रं दिसत असलं पाहिजे आणि पहिल्या हाकेला आलं पाहिजे, समोर हरीण असो नाहीतर दुसरं कुत्रं. टॅग असला तरी काही वाटांवर मोकळं सोडता येत नाहीच.

राष्ट्रीय उद्यानांत तर सहा फुटांपेक्षा लांब पट्टा चालत नाही आणि बऱ्याचशा पायवाटांवर कुत्र्याला बंदीच. पहिल्यांदा मला राग आला होता, एवढं मोठं रान आणि पट्टा सहा फूट!

यॉर्कशरचा_पाव्हणा
इकडं इंग्लंडात मोकळ्या रानात 1 मार्च ते 31 जुलै पट्टा सक्तीचा, तोही दोन मीटरपेक्षा लांब नको. कारण काय, तर जमिनीवर घरटी करणारे पक्षी. आणि गुरं असतील तिथं बारा महिने.

एक गंमत : गाई अंगावर धावून आल्या तर पट्टा सोडून द्या असं इथले सरकारी नियमच सांगतात. गाई कुत्र्याच्या मागं लागतात, कुत्रं पळून वाचतं, माणूस पट्टा धरून उभा राहिला तर मरतो.

कसबा_बावडा_एक्सप्रेस
आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. त्यात कोण कुत्रं घेऊन आला तर पट्टा सोडायला वेळ मिळायचा नाही पाव्हणं. हलके घ्या.

गड_आणि_गवत
पाव्हण्यांचा मार्च ते जुलै आपल्याकडंही जवळजवळ जुळतो. टिटवी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं कसलं, चार खडे. मसाई पठारावर जांभ्याच्या रंगाची चार अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चंडोल, रातवा, सगळे जमिनीवरचे. कुत्रं अंडं खात नसेलही, नुसतं त्या भागात हुंदडलं तरी टिटवी ओरडत उठते, आणि एप्रिलच्या उन्हात अंडी उघडी पडतात. लोक व्हिडिओ काढतात : "बघा बघा, टिटवी आमच्या ब्रूनोशी खेळतीय!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत असते.

मसाई पठार, पन्हाळा, विशाळगड ही नावं आता संवर्धन राखीव म्हणून लागलीत. आणि गडावरच्या संरक्षित वास्तूंत प्राणी आणायला पुरातत्त्वच्या 1959 च्या नियमांत मनाई आहे. पन्हाळा 2025 च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून तीन दरवाजात गर्दी विचारू नका, त्यात कुत्र्यांची फोटोशूटं.

अवांतर : बिस्किटं घालून गावातली कुत्री सोबत नेणारे ट्रेकर हा वेगळाच ताप. पन्हाळ्यावरनं निघालेलं कुत्रं पावनखिंडीपर्यंत येतं, लोक गाडीत बसून घरी, आणि ते तिथं, दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत.

पोलादी_पट्टा
धागा वाचून जरा वाईट वाटलं. म्हणजे कुत्रं पाळणारे सगळे बेजबाबदार? मी सहा वर्षं कारवान जातीचं कुत्रं पाळतोय. खिशात पिशवी, हातात पट्टा, सगळं करतो. तरी विद्यापीठाच्या रस्त्यानं जाताना लोक पोरांना सांगतात, "तिकडं बघू नको, चावतंय." कोण दगड उचलतंय, कोण मुद्दाम गाडीचा हॉर्न मारतंय. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी न विचारता वरनं डोक्यावर थाप मारली, कुत्रं गुरगुरलं, तर मलाच ऐकवलं. त्यांनाही दोन गोष्टी शिकवा की. शेपूट हलतेय म्हणजे खूश असतंच असं नाही. ओठ चाटतंय, जांभई देतंय, डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवतंय, म्हणजे ते सांगतंय 'लांब राहा'. हे कुणी शिकवत नाही.

आणि हा शिकारी जातीचा कुत्रा आहे. ससा दिसला की कान बंद. म्हणून मी मोकळा सोडत नाही. कोल्हापूरला पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट मारून घ्यायचा इतिहास आहे, चित्त्याच्या डोळ्यावरसुद्धा टोपी असायची वेळ येईपर्यंत.

वेशीवरची_वहिनी
@पोलादी_पट्टा, तुमच्यासारखे असले तर भांडणच नाही हो. थाप मारणाऱ्यांना मीही ओळखतो, आमच्या घरातच एक आहेत.

खणीवरचा
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. हा विषय का घेतला ते धाग्यात लिहिलं नव्हतं. मुद्दामच. आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस संपता संपता, मसाई पठारावर गेलो होतो. माझा कुत्रा बुलेट तेव्हा दीड वर्षाचा. मोकळा सोडला, कारण घरात, गच्चीवर, खणीवर कुठंही हाक मारली की यायचा. पांडवदऱ्याच्या अंगाला बकरी चरत होती, मला दिसलीच नाहीत, त्याला दिसली. चावला नाही कुणाला. नुसता पळवत गेला, त्याला खेळ वाटला. मी ओरडत मागं. कळप फुटला, दहा-बारा बकरी कड्याच्या बाजूला गेली, धनगराच्या कुत्र्यानं वळवली म्हणून वाचली. एक गाभण होती, ती खाली बसली आणि उठलीच नाही बराच वेळ. दुसऱ्या दिवशी गाभडली, हे मला नंतर फोनवर कळलं.

म्हातारा धनगर. शिव्या देईल वाटलं, मी तयार होतो. त्यानं विचारलं, "हाक मारली तर येतंय काय?"
म्हटलं, "येतो."
"मग मारली न्हाईस व्हय?"
"मारली."
"आलं?"
"नाही."
"मग येत न्हाई म्हण की."

पैसे दिले, त्यांनी घेतले. किती ते इथं लिहीत नाही.

तांबडा_रस्सा
शेंगदाणे बाजूला ठेवले.

बिरोबाचा_भक्त
मी धनगराचाच. मामाच्या वाड्यात दीड-दोनशे बकरी, कोकणातनं देशावर फिरती. आमची कुत्री पिल्लू असल्यापासनं बकऱ्यांत झोपतात, म्हणून ती बकऱ्यांवर जात नाहीत. तुमचं कुत्रं आलं की आमचं त्याला फाडणार, ते त्याचं कामच. मग तुम्ही म्हणणार धनगरानं कुत्रं अंगावर सोडलं. हे दर पावसाळ्यात होतंय.

माहितीपटात आम्हाला घोंगडी पांघरून सूर्यास्तात उभं करू नका. बोलू द्या. लांबनं कळप दिसला तर काय करायचं ते आम्हीच सांगतो : थांबायचं, कुत्रं जवळ घ्यायचं, हाळी द्यायची. आम्ही सांगू कुठनं जायचं. एवढंच.

क्लॅपबॉय
खणीवरच्या भावा, खर्डे फाड. तुझा सिनेमा धनगराबरोबरच्या त्या सात ओळींत आहे. पट्टा-पिशवी-लस सगळं त्याच्या मागनं येऊ दे. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला, तुझ्याकडं तयार आहे.

आणि एक प्रयोग कर. रंकाळ्याला आठ-दहा मालक गोळा कर, कुत्र्यांना लांब दोरी लाव, म्हैस समोरनं जाताना प्रत्येकाला हाक मारायला सांग. कॅमेरा मालकाच्या तोंडावर ठेव.

पोलादी_पट्टा
मी येतो. माझा येणार नाही हे आत्ताच सांगतो.

खणीवरचा
(तीन आठवड्यांनी) रविवारी प्रयोग केला. रंकाळ्याला नको म्हणाले सगळे, गर्दी, म्हणून एका ओळखीच्या मळ्यात. नऊ कुत्री, दहा मीटरच्या नायलॉनच्या दोऱ्या, गवळी मामांच्या दोन म्हशी. सुरुवातीला प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर विचारलं, "हाक मारली तर येतो का?" पोलादी_पट्टा सोडून बाकी आठच्या आठ जण हो म्हणाले. आली दोन. त्यातलं एक बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजाला आलं.

चूक एक झाली : मी दोरी हाताला गुंडाळून घेतली होती. बुलेट सुटला आणि तळहाताची साल गेली. कुणी करणार असाल तर हातमोजे घाला, दोरी गुंडाळू नका, शेवटाला गाठ मारून नुसती धरा.

गोठ्यातला_डॉक्टर
धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का? मळ्यातली जखम आहे.

खणीवरचा
घेतलं डॉक्टर. बिरोबाचा_भक्त यांच्या मामांशी बोलणं झालंय, ते कॅमेऱ्यासमोर बसणार. मसाईवाले म्हातारबा मात्र फोन उचलत नाहीत. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष जातो, बुलेटला न घेता. वहिनी, सासूबाई दोन मिनिटं बोलतील का? नसेल इच्छा तर आग्रह नाही.

वेशीवरची_वहिनी
विचारलं. तयार आहेत. मनगटाचा क्लोजअप नको म्हणतात, प्लास्टरपासनं त्या हातात बांगड्या चढत नाहीत. आणि एक अट आहे. लॅब्राडोर तोच पाहिजे. दुसरा कुठला चालणार नाही, त्याचा स्वभाव त्यांना माहीत आहे म्हणे.

तांबडा_रस्सा
मानधन काय सांगितलंय?

वेशीवरची_वहिनी
एक लोणी डोसा. कुत्र्याला द्यायचा नाही म्हणून बजावलंय, पण देतील त्याच.